आमच्या बोटीचं पोट

आईची साडी भिजली तिथून हे सगळं सुरू झालं. नवरात्रात पलीकडे दाभोळला चंडिका देवीला जायचं म्हणून आई-बाबांना घेऊन दुपारी अंजनवेलवरून निघालो, फेरीने गेलो असतो तर धोपाव्यापर्यंत वळसा पडला असता आणि घरची बोट असताना वळसा कशाला असा विचार केला. ओहोटी जोरात लागली होती आणि तिच्या समोरून पश्चिमेचा वारा. ज्यांनी वाशिष्ठीच्या मुखाजवळ दुपारची वेळ बघितलीय त्यांना सांगायला नको, पाणी बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय म्हटल्यावर लाटा उंच नसतात पण एकदम उभ्या आणि जवळजवळ असतात, एकीवरून उतरतोय तोवर दुसरी तोंडावर. देवळापर्यंत पोचलो तेव्हा आई गळ्यापर्यंत ओली आणि बाबांच्या कमरेत जी कळ आली ती दिवाळी होऊन गेली तरी होती. आई काही बोलली नाही, नुसता पदर पिळला. त्याच दिवशी ठरवलं की या बोटीचं काहीतरी करायचंच.

बोट १६ फुटी आहे, फायबरची, मागे २५ एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड. दोघं-तिघं गळाला जायला आणि खाडीत इकडून तिकडे करायला घेतली होती. तिचे तीन त्रास होते. एक म्हणजे लाटेवर तळ आपटायचा, दाण दाण. दुसरं म्हणजे नाळेजवळून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळून, पाणी वर चढून वाऱ्याबरोबर सरळ आत यायचं. आणि तिसरा सगळ्यात वाईट, साधारण २२ किलोमीटरच्या वेगाला पोचलो की शांत पाण्यातसुद्धा बोटीचं तोंड वर-खाली व्हायला लागायचं, घोड्यासारखं, आणि थ्रॉटल कमी केल्याशिवाय थांबायचंच नाही.

पहिल्यांदा मी काय केलं असेल तर वजनं हलवली. याला एक पैसा लागत नाही म्हणून सगळ्यांना सांगतो की आधी हेच करा. इंजिन स्वतःच पन्नासेक किलो, त्याच्या पुढ्यात पेट्रोलची टाकी, शेजारी बॅटरी, आणि टिलर, म्हणजे इंजिन वळवायचा दांडा, धरून मी बसलेला, म्हणजे सगळं गाठोडं मागच्या चार फुटांत. टाकी मधल्या फळीच्या पुढे नेली, पाइप लांब घेतला, बॅटरी पुढच्या कप्प्यात बांधली. टिलरला पीव्हीसीचा दोन फुटी पाइप जोडून मी स्वतः पण पुढे सरकलो. तेवढ्यानेच तोंड खाली बसलं आणि उड्या निम्म्या झाल्या. पण याची पण हद्द आहे हां, एकदा हौसेने नांगर, साखळी, पाण्याचा कॅन सगळंच नाळेत कोंबलं आणि खाडीत शिरताना मागून लाट आली तेव्हा बोट नाक खुपसून एकदम आडवी व्हायला बघत होती. मागून लाट येते तेव्हा जड नाक धोक्याचं असतं, ते लगेच हलकं केलं.

मग इंजिनची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जरा वर, इंचभर फार तर, असायला पाहिजे. आमची दोन इंच खाली होती. म्हणजे इंजिनचा जास्तीचा पाय फुकट पाण्यात घासत होता आणि मागे फवारा उडवत होता. ट्रान्समवर, म्हणजे जिथे इंजिन लटकतं त्या मागच्या फळीवर, सागाची पट्टी टाकून इंजिन वर घेतलं. वेग थोडा वाढला, आवाज थोडा बदलला. पण उड्या पूर्ण गेल्या नाहीत आणि आई तर पुढच्या खेपेला पण भिजलीच.

मे महिन्यात बोट वर ओढली. ३१ मेपर्यंत सगळेच ओढतात कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत इंजिनवाल्यांना मासेमारी बंद. आमच्या वाडीत एक म्हातारे तांडेल काका आहेत, सगळी हयात शिडाच्या होडीवर आणि नंतर ट्रॉलरवर गेलेली. बोट टायरवर उलटी घातली होती, काका सहज आले, डोळे मिटून तळावरून तळहात फिरवत नाळेपासून मागे मागे गेले आणि शेवटच्या तीन फुटांवर हात थांबवून म्हणाले, "हितं पोट आलंय बघ हिला." मला काही दिसत नव्हतं. गवंड्याकडून सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी आणली, तळावर लांबीच्या दिशेने लावली, तर पट्टी पोटावर टेकली आणि अगदी मागे ट्रान्समपाशी तिच्या आणि तळाच्या मध्ये ९ मिलिमीटरची फट. काकांच्या हाताला जे तीन सेकंदांत कळलं ते मला पट्टी लावून कळलं.

आता या ९ मिलिमीटरने काय एवढं बिघडतं, तर खूप बिघडतं. नळाखाली चमचा उलटा, म्हणजे फुगीर बाजू धारेला लावून सैल धरा. धार चमच्याला ढकलत नाही, उलट आत ओढते, हाताला स्पष्ट जाणवतं. पाणी फुगीर पृष्ठाला धरून वळतं आणि वळताना त्या पृष्ठाला आपल्याकडे खेचतं. बोटीच्या मागच्या तळाला पोट असेल तर जोरात जाणारं पाणी मागचा भाग खाली खेचतं, मग तोंड वर जातं, मग पुढचा भाग उघडा पडल्यावर वजनाने तोंड खाली आपटतं, मग परत मागचं खेचतं. त्याच माझ्या उड्या.

हे पोट तिथे आलं कुठून याचा मी बराच विचार केला. माझ्या मते कोणाची चूक नाही. आपल्याकडच्या पुष्कळ फायबर बोटींचे साचे जुन्या लाकडी होड्यांच्या आकारावरूनच आलेत आणि त्या होड्या शिडावर नाहीतर वल्ह्यांवर चालायच्या. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते, पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. आमची पाण्यावरची लांबी १५ फूट धरली तर सव्वापाच नॉटच्या आत, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर. त्या वेगात मागचा तळ असा वर वळलेला असणं चांगलंच, पाणी मागे गुपचूप मिटतं, होडीला ओढ लागत नाही. आकार त्या वेगासाठी बरोबरच होता. आम्ही त्याला २५ एचपी लावून पाण्यावर उठवायला गेलो, आणि उठून चालणाऱ्या बोटीला मागचा तळ सरळ पाहिजे, एकदम सपाट पट्टीसारखा, आणि शेवटची कड धारदार पाहिजे म्हणजे पाणी तिथे तुटून सुटेल, ट्रान्समवर वळून चढणार नाही.

मला लगेच फायबर मारायचा मोह झाला होता पण नाही मारलं, आणि ते बरं झालं. आधी दोन फ्लॅप केले. ५ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पत्रा-प्लेट, दहा इंच बाय नऊ इंच, ट्रान्समच्या खालच्या कडेला लांब बिजागरीने लावलेली आणि वरून टर्नबकल, म्हणजे तो फिरवला की प्लेट वर-खाली होणार. बोल्ट स्टेनलेसचे, पण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि सीलंट. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा शांत झाल्यावर ट्रायल घेतल्या, प्रत्येक वेळी अर्धा फेरा पिळायचा, त्याच पट्ट्यात जाऊन यायचं, फोनच्या जीपीएसवर वेग बघायचा, वहीत लिहायचं. प्लेट जास्त खाली केली की नाक रुतायचं आणि वळवताना बोट हट्ट करायची, कमी केली की उड्या. मधली एक जागा अशी सापडली की २२ सोडा, ३० ला पण बोट पाटासारखी चालली. त्या दिवशी मी एकटाच गोपाळगडाच्या खालून तीन-चार फेऱ्या मारत बसलो होतो, इतका आनंद झाला होता.

फ्लॅप एक सीझन चालले. त्यांचा एकच दोष, आपल्या खाडीत जाळ्यांचे दोर आणि बोये किती असतात ते माहितीच आहे, मागे आलं की दोर फ्लॅपमध्येच अडकायचा. एकदा कोणाचं तरी जाळं फाटता फाटता वाचलं. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपली बोट गुळगुळीत चालवण्यात अर्थ नाही, म्हणून पुढच्या मे महिन्यात फ्लॅप काढले, बोल्टची भोकं नीट बुजवली आणि तळच सरळ केला.

फायबरचं काम घरी करणार असाल तर इथे जरा सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे, पावसात करू नका. बोट मोकळी मिळते जून-जुलैमध्ये हे खरं, पण कोकणातल्या जूनच्या हवेत सगळंच दमट असतं आणि ओलसर पृष्ठावर रेझिन, म्हणजे फायबर ज्यात भिजवून चिकटवतात तो घट्ट होणारा द्रव, धरत नाही, आज चिकटलेलं दिसतं आणि दोन महिन्यांनी पापुद्र्यासारखं निघतं. मेमध्येच करा, सावलीत, सकाळी सातच्या आत-बाहेर. जुना रंग आणि जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, ग्राइंडरने ४० नंबरच्या पेपरने पूर्ण काढायचा, खालचं फायबर दिसेपर्यंत, मग एसीटोनने पुसायचं. अंगभर कपडे, मास्क, चष्मा, आणि नंतर गार पाण्याने अंघोळ, गरम नको, नाहीतर ती खाज दोन दिवस जात नाही.

दुसरं फारच महत्त्वाचं. दुकानात रेझिनबरोबर दोन छोट्या बाटल्या देतात, एक जांभळ्या रंगाचं कोबाल्ट आणि एक पाण्यासारखं दिसणारं हार्डनर. हे दोन कधीही, कधीही सरळ एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट पण होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं, आणि मग वापरायच्या वेळी तेवढ्याच रेझिनमध्ये हार्डनर. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी पण ठेवू नका, आणि चमचे वेगळे. मेच्या उन्हात हार्डनर एक टक्का पुरतं. मी पहिल्या दिवशी रंगाच्या डब्यात किलोभर एकदम कालवलं आणि दहा मिनिटांत डब्यातून धूर यायला लागला, डबा उचलून वाळूत फेकावा लागला. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं आणि खोल डब्यात उष्णता बाहेर जायला जागा नसते. तेव्हापासून पसरट ताटात तीनशे-चारशे ग्रॅमच.

९ मिलिमीटर भरायला ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे, नऊ थर घेतले, एक थर साधारण मिलिमीटरभर होतो. पहिला थर ट्रान्समपाशी फक्त चार इंच रुंद, दुसरा आठ इंच, असं चार-चार इंचांनी वाढवत नववा थर ३६ इंच, पूर्ण तीन फूट झाकणारा. पायऱ्या झाल्या की उतार आपोआप येतो. एका दिवशी तीनच थर, नाहीतर तापतं. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, त्यामुळे सगळं मिळून सात-आठ किलो वजन वाढलं. त्याच्यावर पुट्टी, मग लांब फळीला पेपर चिकटवून घासणं. छोट्या सँडरने घासलं तर परत खड्डे-उंचवटे येतात, लांब फळीच पाहिजे आणि खांदे दुखले तरी पाहिजे. शेवटी तांडेल काकांना बोलावलं. त्यांनी परत डोळे मिटून हात फिरवला आणि डाव्या बाजूला एका जागी थांबले, अंगठ्याएवढ्या, तिथे परत घासलं.

आता पाणी आत येण्याचं. याच्यात मी एक पूर्ण वर्ष वाया घालवलं. इंटरनेटवर सगळ्या छोट्या स्पीडबोटींना तळाच्या बाजूने पट्ट्या दिसतात, नाळेपासून मागे जाणाऱ्या, त्यांच्यामुळे वर चढणारं पाणी बाहेर फेकलं जातं. मी पीव्हीसीचा पाइप उभा अर्धा चिरून तो चिकटवला आणि वरून फायबर. दिसायला सुंदर. पण एक तर पॉलिएस्टर रेझिन पीव्हीसीला धरतच नाही, दिवाळीपर्यंत उजवीकडची पट्टी निघून हातात आली. आणि दुसरं म्हणजे ती होती तोपर्यंत पण पाणी आत येतच होतं, कारण गोल कड. परत तोच चमचा! गोल कडेला पाणी चिकटतं, वळतं आणि वर चढतं. पट्टी कितीही मोठी लावा, तिची बाहेरची कड नखासारखी धारदार नसेल तर उपयोग शून्य. पाणी कडेवर तुटलं पाहिजे.

दुसऱ्या वेळी वखारीतून सागाच्या ४० बाय २५ मिलिमीटरच्या पट्ट्या तिरक्या चिरून आणल्या, त्रिकोणी. साग तेलकट लाकूड आहे, एसीटोनने दोन-तीनदा पुसल्याशिवाय रेझिन धरत नाही. खालची बाजू आडवी, किंचित, अगदी किंचित बाहेरच्या दिशेने खाली झुकलेली. आता मॅट धारदार कोपऱ्यावर वळत नाही, हवा राहते, म्हणून लाकडाची कड आधी जराशी गोल करून मॅट मारली आणि नंतर अॅल्युमिनियमच्या अँगलला पॅकिंग टेप चिकटवून, तो कडेला दाबून, मधली पोकळी रेझिन आणि एरोसिल, म्हणजे रेझिन दाट करणारी पावडर, यांच्या घट्ट पुट्टीने भरली. सुकल्यावर अँगल सुटला आणि मागे सुरीसारखी कड राहिली. दोन्ही बाजूंना नाळेपासून बोटीच्या मध्यापर्यंतच घेतल्या. मागपर्यंत, त्यातून पंख्याच्या समोरपर्यंत नेल्या तर पट्टीच्या टोकाला हवा सापडते, ती पंख्यात जाते आणि इंजिन एकदम रिकामं ओरडतं. तळावर लांबीत काहीही लावताना हे लक्षात ठेवाच.

फरक पहिल्याच दिवशी दिसला. जे पाणी आधी बाजूवर चढून काठावरून आत यायचं ते आता काठाच्या खालूनच पंख्यासारखं आडवं बाहेर जात होतं. वारा बाजूचा असला की थोडे शिंतोडे येतात, पण शिंतोडेच.

आपटण्याबद्दल मात्र खरं सांगतो, ते घरी पूर्ण जात नाही. तळ सपाट आहे तो सपाटच राहणार. व्ही आकाराचा तळ कमी आपटतो हे सगळ्यांना माहिती आहे, रेमंड हंट या अमेरिकन डिझायनरने २४ अंशांचा खोल व्ही मागपर्यंत तसाच नेला आणि त्याने आखलेली 'मॉपी' नावाची बोट १९६० ची मायामी-नॅसॉ शर्यत जिंकली तेव्हापासून जगभर तो आकार पसरला. खाली खोटा व्ही चिकटवायचा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला. पण तो व्ही ओढायला जास्त ताकद लागते, उथळ पाण्यात चिखलावर बसतो, आणि थांबलेली बोट जास्त डोलते, गळ टाकून बसणाऱ्याला ते नको असतं. आम्ही त्यापेक्षा एवढंच केलं की वजनं आणि सरळ तळ यामुळे तोंड खाली राहतं म्हणून नाळेचा निमुळता भाग लाटेला आधी लागतो. आणि बाबांची बसायची जागा मधल्या फळीवरून अजून दोन फूट मागे नेली, कारण उसळी पुढे सगळ्यात जास्त आणि मागच्या तिसऱ्या हिश्शात सगळ्यात कमी असते. खाली जाड रबरी मॅट. उभ्या लाटा असतील तर वेग कमी करून तिरकं जायचं, त्याला पर्याय नाही.

डोलण्याबद्दल शेजारच्या दादाने वेगळं केलं, ते पण सांगण्यासारखं आहे. त्याची बोट छोट्या डिझेलवाली, सात-आठ किलोमीटरच्या वर जातच नाही. त्याने तळ आणि बाजू मिळतात त्या वळणावर दोन्हीकडे चार-चार फुटांच्या, अडीच इंच खोल लाकडी फळ्या बसवल्या. विल्यम फ्राउडने इंग्लंडमध्ये १८७२ मध्ये युद्धनौकांवर ट्रायल घेऊन दाखवलं होतं की अशा फळ्यांनी डोलणं बरंच कमी होतं, आजही मोठ्या जहाजांना त्या असतातच. दादाची बोट नांगरावर आता खरंच शांत बसते आणि ओहोटीला चिखलात सरळ उभी पण राहते. पण माझ्यासारख्या उठून पळणाऱ्या बोटीला त्या लावू नका, वळताना पकडतात. आपल्या जुन्या लोकांनी यावर उलांडी काढली होती, बाजूला बांधलेलं ते एक लाकूड अरुंद होडीला काय भक्कम धरतं, ते बघितलं की अजून हात जोडावेसे वाटतात.

एक विनंती आहे. हे सगळं स्वतःच्या घरच्या बोटीपुरतं. माणसं भाड्याने नेणाऱ्या बोटीच्या तळाला घरी हात लावू नका, तिथे सर्व्हे करणाऱ्याला विचारूनच. आणि ट्रायलला जाताना लाइफजॅकेट घालून, किल-स्विचची, म्हणजे आपण पडलो तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी मनगटाला बांधून, आणि कोणाला तरी सांगून जा.

गेल्या नवरात्रात तीच दुपार, तसाच वारा, आईच म्हणाली बोटीनेच जाऊ. साडीच्या काठाला थोडं लागलं. बाबा देवळाच्या पायऱ्या नीट उतरले, आत गुहेत वाकून गेले. येताना आईने ओटीतला नारळ बोटीच्या नाळेवर फोडायला लावला.

पेट्रोल पण वाचतं, पूर्वी ज्या फेरीला सहा लिटर जायचं तिला आता पाच जातं. अजून एक गोष्ट जमलेली नाही. खाडीत शिरताना मागून लाट आली की बोट अजून थोडी डावीकडे जाते, उजवी पट्टी डावीपेक्षा बोटभर पुढे बसलीय का असा संशय आहे, काका म्हणतात पट्टी नाही, ट्रान्समची डावी कड झिजलीय. यंदाच्या मेमध्ये परत उलटी घालून मोजणार आहे, टायर आणून ठेवलेत.